जानेवारीत घसरलेली गाडी

गाडी पावसाळ्यात घसरली असती तर नंदकुमार देवस्थळींची एवढी बेअब्रू झाली नसती. पावसाळ्यात मुलुंडमध्ये कोणाचीही गाडी घसरते. लोक "अरेरे" म्हणतात, घरी बोलावून चहा पाजतात, आपली कुठे घसरली होती ते सांगतात. देवस्थळींची गाडी घसरली जानेवारीत, मंगळवारी, भर दुपारच्या कडकडीत उन्हात. त्यामुळे पुढचे पाच दिवस त्यांना जो जो भेटला त्याने डोळे बारीक करून एकच प्रश्न विचारला, "जानेवारीत?"

झालं होतं असं. माणिकताईंना, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायला चाळीस चहाच्या गाळण्या हव्या होत्या. स्टीलच्या. (प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटणाऱ्या बायकांबद्दल माणिकताईंचं एक मत आहे, आणि ते त्या बायकांसमोरही तेच असतं.) कांजूरमार्गला एक घाऊक भांडीवाला आहे, तिथून गाळण्यांचा गठ्ठा मागच्या सीटवर टाकून दोघं परत निघाले. भांडुपच्या सिग्नलपर्यंत त्यांच्या पुढे पाण्याचा एक टँकर होता. टँकर कसला, चालती पाणपोई! अर्धं पाणी पोटात, अर्धं रस्त्यावर. सिग्नल लाल झाला, नंदकुमारांनी ब्रेक दाबला, आणि गाडीने ते अजिबात मनावर घेतलं नाही. ती तिरकी होत होत, आवाज न करता, सरळ दुभाजकाकडे गेली. पुढचं चाक ठाण्णकन दगडावर आपटलं. मागच्या चाळीस गाळण्या पुढे आल्या. त्यातली एक नंदकुमारांच्या डोक्यावर बसली आणि इंजिन बंद पडलं.

सिग्नल हिरवा झाला, टँकर निघून गेला. दहा मिनिटांत उन्हाने रस्ता खडखडीत वाळवला. म्हणजे पुरावासुद्धा गेला.

आणि पुराव्याची किंमत नंदकुमारांना कोणी शिकवायची? चौतीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली होती. "रस्ता ओला असल्याचा पुरावा काय?" हे वाक्य त्यांनी लाल शाईने किती अर्जांवर लिहिलं असेल त्याला गणती नाही. गोरेगावच्या एका गृहस्थांनी एकदा मार्चमध्ये गाडी घसरल्याचा दावा केला होता, त्यावर "असंभवनीय" असा शेरा मारून नंदकुमार जेवायला गेले होते. ते गृहस्थ त्यांना भांडुपच्या सिग्नलवर, डोक्यावरची गाळणी काढताना, पहिल्यांदा आठवले.

गाडीला ओरखडा नव्हता. चावी फिरवली की कुर्रर्र कुर्रर्र असा तब्येतीत आवाज यायचा, पण इंजिन काही पेटायचं नाही. शेवटी सोसायटीतला केयूर शाह आपल्या गाडीला दोर बांधून त्यांना मुलुंडपर्यंत ओढत घेऊन आला. केयूर म्हणजे सोन्यासारखा मुलगा. वाईट एवढंच, की सोसायटीत पार्किंगसाठी जी प्रतीक्षायादी होती तिच्यात पहिला नंबर त्याचाच होता.

आता इथे थोडं थांबून नियम क्रमांक चार सांगायला हवा.

प्रभातकिरण सोसायटीत बिऱ्हाडं अठ्ठावीस आणि इमारतीखाली पार्किंगच्या जागा तेरा. मुंबईत माणूस सोनं विसरेल, जागा विसरणार नाही. चार वर्षांपूर्वी तळमजल्यावरचे एक सभासद मेलेल्या गाडीत कांदे-बटाटे साठवतात आणि तिच्या जोरावर जागा अडवतात असं उघडकीला आलं. मोठं रणकंदन झालं. तेव्हा कमिटीने नियम केले: दरवर्षी जानेवारीच्या चौथ्या रविवारी पाहणी होईल, प्रत्येकाने कमिटीसमोर आपली गाडी स्वतः चालू करावी, फाटकाबाहेर नेऊन एक फेरी मारून परत आणावी. नाही जमलं तर जागा यादीतल्या पुढच्याला. नियम चार म्हणतो, "धक्का मारून, ओढून अथवा उतारावरून सोडून चालवलेली गाडी ‘चालू’ समजली जाणार नाही." केवढं चोख वाक्य! एक पळवाट ठेवलेली नाही. कारण हे सगळे नियम एकटाकी लिहिले होते नंदकुमार देवस्थळींनी.

मंगळवारी गाडी बंद पडली. पाहणी रविवारी होती.

तसं नंदकुमारांना फारसं भ्यायचं कारण नव्हतं, कारण गाडी २००४ची असली तरी त्यांनी ती जपली होती तशी लोक मुलंसुद्धा जपत नाहीत. जिने ती बनवली ती कंपनी भारतातून गाशा गुंडाळून गेली, पण देवस्थळींच्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. उन्हाळ्यात बसणाऱ्याची पाठ चिकटायची, ती चिकटू देत. त्याच वर्षी घरात स्वयंपाकघराच्या जमिनीवर लिनोलियम घातलं होतं. त्याचा चांगला हातभर तुकडा उरला. चांगली वस्तू टाकायची? नंदकुमारांनी तो ड्रायव्हरच्या पायाखाली, खालपासून दोन्ही बाजूंनी वर चढवून, डिंक लावून असा चपखल बसवला की कारखान्यातून तसाच आला असावा. गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका तर त्यांनी पाकिटातून बाहेरच काढली नव्हती. वाचली की खराब होते.

"काका, मॅन्युअलमध्ये काही दिलंय का बघितलं?" केयूरने दोर सोडता सोडता विचारलं.

नंदकुमारांना ते लागलं. "मॅन्युअल बघायला आम्ही काय काल गाडी घेतली?" ते म्हणाले.

बुधवारी सकाळी सेक्रेटरी दशरथ राणे खाली आले. राणे मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः गोदीत क्रेन चालवून निवृत्त झाले. क्रेन चालवल्यामुळे यंत्र या विषयात आपला शब्द शेवटचा असं त्यांचं म्हणणं, आणि सेक्रेटरी असल्यामुळे तो पहिलाही असायचा.

"रस्तो ओलो होतो? जानेवारीत?"

"टँकर होता रे पुढे."

"टँकराचो नंबर घेतलंस?"

नंदकुमारांनी नंबर घेतला नव्हता. राण्यांनी बॉनेटवर दोनदा थापटी मारली. "बॅटरी. दुसरा काय्येक नाय."

बॅटरी बदलली. कुर्रर्र आता जास्त जोरात यायला लागलं, एवढाच फरक. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधावहिनी आल्या. त्यांचं निदान स्वच्छ होतं, दृष्ट. "एवढी वीस वर्षं ठणठणीत राहिली, लोकांच्या डोळ्यांत येणारच हो," असं म्हणताना त्यांनी केयूरच्या खिडकीकडे बघितलं. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. त्यातल्या चार मोहऱ्या पंख्याच्या फटीतून आत गेल्या आणि पुढे मेकॅनिकने त्यावरही अर्धा तास घालवला.

मेकॅनिक म्हणजे चंद्रप्रकाश. स्टेशनच्या मागे त्याचं गॅरेज आहे. गुरुवारी तो आला, त्याने इंजिनाला कान लावला, मागची सीट उचकटून बाहेर काढली आणि वीस वर्षांचं प्लॅस्टिक टर्रकन फाडलं. नंदकुमारांच्या तोंडून कळवळून "अरे!" निघालं.

"काका, पेट्रोल इंजिनपर्यंत येतच नाही. पंप गेला," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण कंपनीच नाही राहिली ना. पंप भेटणं मुश्कील आहे."

पंप कुर्ल्याला मिळाला, शुक्रवारी, नंदकुमारांनी अकरा दुकानांत स्वतः जाऊन "नाही" ऐकून घेतल्यावर बाराव्या दुकानात. बसवला. चावी फिरवली. कुर्रर्र.

चंद्रप्रकाशने वायरीला टेस्टरचा दिवा लावून बघितला आणि डोकं खाजवलं. "पंप एकदम झकास आहे काका. पहिलावालापण झकासच होता. पंपाला करंटच येत नाही. बीचमध्ये कुठेतरी वायर तुटली. उंदीर असणार."

झालं! उंदीर हा शब्द प्रभातकिरणमध्ये उच्चारायचा नसतो. तासाभरात फलकावर सूचना लागली: "पार्किंग क्र. ९ मधील वाहनात उंदरांचे वास्तव्य असल्याचे समजते. संबंधित सभासदाने त्वरित बंदोबस्त करावा." सुगंधावहिनींना लगेच आठवलं की त्यांचे पोहेसुद्धा मागच्या महिन्यात कुरतडले गेले होते. ज्या माणसाच्या गाडीत वीस वर्षांत चण्याचं टरफल पडलं नाही, तो एका संध्याकाळीत इमारतीतल्या सगळ्या उंदरांचा पालनकर्ता ठरला.

माणिकताईंनी पिंजऱ्यात तळलेला पापड लावला. राणे ते बघून कासावीस झाले. "वहिनी, पापडाक उंदीर येवचो नाय. सुको बोंबील लावा. वासाबरोबर भायर येतलो." आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी घरून भाजलेला बोंबील आणून पिंजऱ्यात अडकवून पिंजरा बॉनेटखाली ठेवलासुद्धा.

शनिवारी सकाळी पिंजऱ्यात उंदीर नव्हता, बोंबीलही नव्हता. गल्लीतली एक मांजर बॉनेटवर पाय चाटत बसली होती. देवस्थळींच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि त्यांच्या गाडीला आता मच्छीबाजाराचा वास येत होता. बिचारा केयूर वायरी बघायला खाली वाकला आणि नाकावर रुमाल धरून तसाच मागे सरला. तो जैन.

"काका, राहू दे ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मी अजून एक वर्ष बाहेर लावीन गाडी. आठवड्यात एकदाच ट्रॅफिकवाले उचलून नेतात."

हे फार झालं. ज्याला आपली जागा मिळणार त्यानेच आपल्यावर दया करावी! नंदकुमारांना त्यापेक्षा भांडण चाललं असतं.

दुपारी बंगळुरूहून मुलाचा, मिहिरचा, व्हिडिओ कॉल आला. "बाबा, बस ना आता. स्क्रॅपवाल्याचा ट्रक मी बुक करतो, उद्या दुपारी घेऊन जातील. वाट लागलीय तिची. आणि घसरली कशी पण? जानेवारीत?"

"तुझ्या आईला विचार!" नंदकुमार ओरडले.

"मला काय विचारतोस, मी गाळण्या वेचत होते," आतून माणिकताई म्हणाल्या. "एकोणचाळीसच सापडल्यात. चाळिसावी गाडीतच आहे, ती काढल्याशिवाय गाडी द्यायची नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी नंदकुमार एकटेच खाली जाऊन गाडीत बसले. बोंबलाच्या वासात. याच गाडीतून मिहिरला बारावीच्या परीक्षेला सोडलं होतं. सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा दशरथ राणेच मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. कोणाला काही झालं की लोक म्हणायचे, देवस्थळींकडे गाडी आहे, त्यांना हाक मारा. आता कोण हाक मारणार? हातात पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघणाऱ्या शंभर म्हाताऱ्यांत एकशे एकावा म्हातारा. गाडी जुनी झाली, बंद पडली, जागा अडवून बसली, म्हणून भंगारात. आपणही त्रेसष्टचे झालोच की. नंदकुमारांना चक्क रडू आलं. मग त्यांनी नाक पुसलं, वर जाऊन कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मी, खाली सही करणार, पार्किंग क्र. ९ वरील हक्क स्वखुशीने सोडत आहे." ‘स्वखुशीने’ लिहिताना पेन अडकलं, ते झटकून पुन्हा लिहिलं.

रविवारी दहाला कमिटी खाली उतरली. राण्यांच्या हातात रजिस्टर. वॉचमन खंडूने फाटक सताड उघडलं. एकेक गाडी चालू होऊन फेरी मारून यायला लागली. केयूर लांब उभा राहून फोनमध्ये बघत होता, म्हणजे बघत असल्यासारखं करत होता. भंगारवाल्याचा ट्रक येणार म्हणून चंद्रप्रकाश आपला नवा पंप काढून न्यायला आला होता. इस्त्रीचा सदरा घालून, खिशात कागद घेऊन नंदकुमार खाली आले, तर नऊ नंबरच्या जागेत गाडीचं दार उघडं, आणि दारातून माणिकताईंचे फक्त पाय बाहेर.

"हे काय चाललंय?"

"गाळणी सापडली," आतून आवाज आला. "तुमच्या सीटखाली होती. आणि हे लिनोलियम काढून घेते. एवढं नवं कोरं भंगारवाल्याच्या घशात कशाला? सिंकखाली घालीन."

त्यांच्या हातात उलथनं होतं. कालथ्याने घावन सोडवावा तसं त्या लिनोलियम सोडवत होत्या. डिंक चांगला होता, नंदकुमारांनी लावलेला. खर्रर्र, खर्रर्र. सगळी कमिटी ऐकत उभी.

"नऊ नंबर," राणे घसा खाकरत म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "नंदकुमारा, नियम म्हणजे नियम. तूच लिवलंस. एकदा चावी फिरव, नाय झाली तर मी लिवतंय."

नंदकुमारांनी खिशात हात घातला.

"अहो," गाडीतून माणिकताई म्हणाल्या, "इथे भिंतीला एक लाल बटण आहे. वर आलंय. बाकी सगळं सपाट आणि हे एकटंच वर. दाबू?"

"दाब, काय हवं ते दाब!" नंदकुमार कडाडले. "आता काय राहिलंय!"

टक्.

माणिकताई उलथनं, गाळणी आणि लिनोलियमची गुंडाळी घेऊन बाहेर आल्या. नंदकुमार आत बसले. नियमाप्रमाणे चावी फिरवली. कुर्र, आणि पुढचा र यायच्या आत इंजिन पेटलं! असं पेटलं की पायाशी घुटमळणारी मांजर सरळ कुंपणावर गेली. सुगंधावहिनींनी वरून टाळ्या वाजवल्या. नंदकुमारांना काही कळेना. त्यांनी गिअर टाकला, फाटकाबाहेर गेले, गल्लीची फेरी मारली, रस्ता कोरडा आहे ना हे डोळे फाडून बघत परत आले, आणि नऊ नंबरच्या पांढऱ्या रेघांमध्ये गाडी उभी केली. धक्का नाही, दोर नाही, उतार नाही.

चंद्रप्रकाश तोवर कपाळाला हात लावून बसला होता. "काय यार काका! ते पेट्रोल बंद करायचं बटण आहे. गाडीला जोराचा धक्का बसला की आपोआप उडतं, आग लागू नये म्हणून. परत दाबलं की चालू. जुन्या काही गाड्यांत असतं. मी पहिल्याच दिवशी बघितलं असतं, पण तिथे तर..." त्याने माणिकताईंच्या काखेतल्या गुंडाळीकडे हात केला.

केयूर पुढे आला. त्याने नंदकुमारांचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. माणिकताईंना ते बघवेना. "हे घे," त्या म्हणाल्या आणि चाळिसावी गाळणी त्याच्या हातात दिली. "तुझ्या बायकोला दे, तिचं वाण राहिलंय." पार्किंगऐवजी गाळणी घेऊन केयूर बाहेर धावला, कारण गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिकवाल्यांचा गाड्या उचलणारा ट्रक वळत होता.

"थांब, थांब," राण्यांनी नंदकुमारांपुढे रजिस्टर धरलं. "नियम सात रवलो."

नियम सात. "गाडी मध्यंतरी बंद पडली असल्यास बंद पडण्याचे कारण सभासदाने स्वहस्ते, स्वच्छ अक्षरात व एका ओळीत लिहावे." लिहिणारा तोच महापुरुष. नंदकुमारांनी पेन घेतलं. कमिटीचे पाच जण, चंद्रप्रकाश, खंडू आणि खिडकीतून सुगंधावहिनी, सगळे वाकून बघत होते. चौतीस वर्षांची नोकरी अशा वेळी उपयोगाला येते. त्यांनी संथपणे लिहिलं, "विद्युतप्रवाहात बाह्य आच्छादनामुळे निर्माण झालेला तात्पुरता अडथळा."

राण्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे काय रे?"

"म्हणजे लिनोलियम," माणिकताई म्हणाल्या.

हसू फुटलं ते पार चौथ्या मजल्यापर्यंत गेलं. राणे तर रजिस्टर पोटाशी धरून खाली बसले. नंदकुमार वर गेले, कपाटातून माहितीपुस्तिकेचं पाकीट काढलं, वीस वर्षांनी फोडलं. एकेचाळिसाव्या पानावर अख्खं पानभर लाल बटणाचं चित्र होतं. त्यांनी पुस्तिका मिटली आणि फाटक्या पाकिटात परत घातली. तिसऱ्या दिवशी गोरेगावचे ते गृहस्थ पुन्हा आठवले. त्यांचं नाव आठवेना, पण वाईट वाटलं.

आणि पुढच्या गुरुवारी स्वयंपाकघरात पाणी झालं. सिंकचा नळ मुळातून सुटला आणि धार थेट फ्रिजपर्यंत. प्लंबर धावत आला, गुडघ्यावर बसून सिंकखाली डोकं घातलं आणि ओरडला, "ताई, पाणी बंद करायचा कॉक कुठेय? इथे तर काहीच दिसत नाही!"

सिंकखाली, खालपासून तिन्ही बाजूंनी वर चढवून, कारखान्यातून आल्यासारखं चपखल लिनोलियम बसवलेलं होतं. माणिकताईंनी स्वतः, डिंक लावून.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून सावकाश, घसरणार नाही असे चालत नंदकुमार ओट्यापर्यंत गेले, उलथनं काढलं, पंच्याने पुसलं आणि दोन्ही हातांनी माणिकताईंच्या हातात दिलं.